घाम वाळण्याआधी दोन ओळी: खेळ आणि कृतज्ञतेतून रोजचा आनंद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खेळ आणि कृतज्ञता ही जोडी, म्हणजे खेळून झाल्यावर वहीत कृतज्ञतेच्या दोन ओळी लिहिणं, कशासाठी? एकेकटं केलं तर चालत नाही का?

चालतं. पण दोघांची अडचण वेगळी आहे आणि ती एकमेकांमुळे सुटते. खेळाचं अप्रूप लवकर ओसरतं. पहिल्यांदा सलग दोन किलोमीटर पळालात त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालेलं असतं, तीन महिन्यांनी पाच किलोमीटरही कमी वाटतात. कृतज्ञतेचं उलट आहे. नुसतं बसून 'माझ्याकडे काय काय आहे' आठवायला लागलं की घर, आईवडील, नोकरी, तब्येत ही चारच नावं फिरून फिरून येतात आणि आठव्या दिवशी वहीला शाळेतल्या निबंधाची कळा येते. खेळ रोज नवा, नेमका मजकूर पुरवतो. तो टिपून ठेवला की खेळाचं अप्रूपही टिकतं.

ही जोडी आपल्याकडे जुनीच आहे. तालमीत उतरताना पैलवान लाल मातीला हात लावून तो कपाळाला लावतो. मल्लखांबावर उडी घेण्याआधी खांबाला नमस्कार होतो. अडचण एवढीच, की रोजच्या सवयीने हात आपोआप फिरतो आणि मन दुसरीकडे असतं. खाली सांगितलेली पद्धत म्हणजे तोच नमस्कार, फक्त जागेपणी केलेला.

याला अभ्यासाचा काही आधार आहे का?

आहे, पण तो फुगवून सांगू नये. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञ वाटणाऱ्या पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं आणि, आपल्या विषयाला धरून, कटकटीवाल्यांपेक्षा आठवड्याला सुमारे दीड तास जास्त व्यायाम झाल्याचं त्यांनी नोंदवलं. पुढे झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित कल असा, की फायदा होतो पण तो बेताचा. चमत्काराची अपेक्षा ठेवली तर तिसऱ्या आठवड्यात वही रद्दीत जाईल.

खेळाच्या बाजूचा पुरावा याहून भक्कम आहे. नियमित व्यायामाने झोप आणि मन:स्थिती सुधारते, हे आता वादातीत आहे. पळाल्यावर येणाऱ्या तरतरीचं श्रेय लोक एंडॉर्फिन या वेदना कमी करणाऱ्या रसायनाला देतात. मात्र रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. त्यामुळे अलीकडचे संशोधक शरीरातच तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड या रसायनांकडे बोट दाखवतात.

सुरुवात नेमकी कशी करायची?

खिशात मावेल अशी छोटी वही घ्या आणि ती पेनासकट खेळाच्या पिशवीतच ठेवा. फोनवर लिहिलं तरी बिघडत नाही, पण फोन उघडला की आधी व्हॉट्सॲप दिसतं आणि वही राहून जाते, म्हणून कागद बरा.

क्रम महत्त्वाचा आहे. खेळ थांबला की पाच मिनिटं हळू चाला, श्वास खाली येऊ द्या, पाणी प्या. मग पायातले बूट काढण्याआधी दोन ओळी लिहा. बूट काढण्याआधीच का? कारण घरी पोचल्यावर दूध तापवायचं असतं, डबा भरायचा असतो, पाणी जाण्याआधी आंघोळ उरकायची असते. 'निवांत रात्री लिहू' म्हणणाऱ्यांची वही कोरी राहते. शिवाय घाम वाळण्याआधी तपशील ताजे असतात. कोणी काय म्हटलं, पाय कुठे अडखळला, वारा कुठून होता, हे तासाभरात पुसट होतं.

पहिल्या आठवड्यात तीन दिवस, वीस-वीस मिनिटं पुरेत. चौथ्या आठवड्यापर्यंत पाच दिवस, तीस मिनिटं. एवढं झालं की जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटं भरतात. हा हिशेब मध्यम जोराच्या हालचालीचा आहे: बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला पाहिजे. बोलणंही तुटत असेल तर तो जोराचा व्यायाम, त्याची ७५ मिनिटं पुरतात. जोडीला आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. जोर-बैठका चालतील.

दोन ओळींत लिहायचं तरी काय?

पहिल्या ओळीत आज खेळाने काय दिलं ते. दुसरीत ते कोणामुळे किंवा कशामुळे जमलं ते. सगळा कस तपशिलाचा आहे.

कच्ची ओळ: 'आज छान खेळलो, देवाची कृपा.' पक्की ओळ: 'तिसऱ्या गेममध्ये १४-१८ असताना जोडीदार म्हणाला, घाई नको, सर्व्हिस उंच टाक. तिथून सलग चार पॉइंट आले.' कच्ची: 'मैदान चांगलं होतं.' पक्की: 'रात्रभर पाऊस होऊनही उडीचा खड्डा कोरडा होता. कोणीतरी ताडपत्री टाकली होती. कोण, ते उद्या विचारायचं.' ही दुसरी नोंद जास्त मोलाची, कारण ती तुम्हाला एका माणसापर्यंत नेते.

ओळ पक्की आहे का, हे तपासायला एक प्रश्न पुरतो: हीच ओळ कालच्या तारखेखाली खपली असती का? खपली असती तर पुन्हा लिहा. काहीच सुचत नसेल तर उलटीकडून या: आज कोणती एक गोष्ट नसती तर खेळ झालाच नसता? चावीवाल्याने सहाला फाटक उघडलं नसतं, शेजारणीने मुलाला अर्धा तास सांभाळलं नसतं, मागच्या वर्षी दुखणारा गुडघा आज गप्प बसला नसता. इथून बहुतेकांना ओळ सापडते.

तीन गोष्टी वहीत नकोत. एक, दुसऱ्याशी तुलना ('निदान त्याच्यासारखा जाडा तरी नाही' ही कृतज्ञता नव्हे). दोन, व्यायामाचे आकडे. वेळ, अंतर, वजन यांसाठी दुसरं पान ठेवा, नाहीतर महिन्याभरात वही हिशेबाची होते. तीन, समाजमाध्यमावर टाकण्यासाठी घोटून लिहिलेली वाक्यं.

रोज लिहायलाच हवं का?

नाही. खेळलात त्या दिवशी लिहा, न खेळलेल्या दिवशी वही बंद. आठवड्याला तीन ते पाच नोंदी भरपूर झाल्या. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाल्याचंही एका अभ्यासात दिसलं आहे. रोजच्या रतीबाने मजकूर शिळा होतो. ओळी एकसारख्या वाटू लागल्या की सरळ एक आठवडा सुट्टी घ्या. खेळाला मात्र नाही.

कोणता खेळ निवडावा?

जो घरापासून दहा मिनिटांत गाठता येतो आणि ज्यात निदान एक माणूस तुमची वाट बघत असतं, तो. बाकी सगळे निकष यानंतर. एकट्याने पळणं उत्तम व्यायाम आहे, पण दुसरी ओळ लिहिताना पंचाईत होते. जोडीदार, संघ किंवा वस्ताद असलेला खेळ या पद्धतीला जास्त मानवतो. खो-खो आठवून बघा: पाठीवर थाप बसेपर्यंत उठायचं नाही आणि बसलेल्याने जागा सोडल्याशिवाय खो देणाऱ्याला जागा मिळत नाही. आपलं यश दुसऱ्याच्या हातून येतं, हे त्या खेळाच्या नियमांतच आहे.

चाळिशीनंतर पुन्हा उतरणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. बॅडमिंटन खेळताना पळण्याचे बूट घालू नका. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, पाय बाजूला टाकला की घोटा मुरगळतो. कोर्टवरचे सपाट तळाचे बूट वेगळे मिळतात. आणि रविवारी सकाळी थेट टेनिस बॉल क्रिकेटला उभे राहू नका. आठवडाभर खुर्चीत बसलेली पोटरी पहिल्याच धावेला ताणली जाते आणि सीमारेषेवरून केलेल्या पहिल्याच फेकीत खांदा धरतो. आधी दहा मिनिटं अंग गरम करा: चालणं, हलकं पळणं, खांदे फिरवणं, मग जवळून सुरू करून लांब फेकणं. तात्पर्य न सांगता एवढंच सांगतो, की फिजिओथेरपिस्टकडे सोमवारी गर्दी असते ती उगाच नाही.

जागाच नाही. घरात सूर्यनमस्कार घातले तर हे जमेल?

उत्तम जमेल. नावातच नमस्कार आहे आणि सतरंजीएवढ्या जागेत भागतं. शांतपणे घातले तर बारा नमस्कारांना पाच-सहा मिनिटं लागतात. सहापासून सुरू करा आणि दर आठवड्याला दोन वाढवा. पोटात अन्न नको, जेवणानंतर तीन तास जाऊ द्या.

चुका ठरलेल्या असतात. अष्टांगातून भुजंगासनात जाताना लोक हातांनी जमीन ढकलून कंबर मोडतात, मग दोन आठवड्यांत कंबर धरते. छाती पुढे काढा, कोपर किंचित वाकलेले राहू द्या. मनगट दुखत असेल तर बोटं पसरून भार तळव्याच्या पुढच्या भागावर घ्या. पाय मागे नेल्यावर पुढचा गुडघा घोट्याच्या पुढे जाऊ देऊ नका. मणक्याचा त्रास, न आटोक्यात आलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

वहीसाठी एक सोपी रीत: प्रत्येक नमस्काराला परंपरेने सूर्याचं एकेक नाव घेतात. त्याबरोबर कालच्या दिवसातलं एकेक माणूस आठवा. पहिले चार-पाच झटकन येतात. सातव्यापासून डोकं खाजवावं लागतं आणि खरी माणसं तिथेच सापडतात: पार्किंगमधली गाडी सरकवून देणारा, लोकलमध्ये बॅग धरणारी, औषधाची चिठ्ठी दोनदा वाचून दाखवणारा दुकानदार.

हरलो त्या दिवशी कसली कृतज्ञता?

हरल्या हरल्या आनंदी दिसायची सक्ती नाही. राग आला असेल तर त्या दिवशी फक्त पहिली ओळ लिहा, तीही 'आज काय कळलं' एवढीच. दुसरी ओळ दुसऱ्या दिवशी.

पण आनंद निकालावर कमी आणि आपण निकालाची तुलना कशाशी करतो त्यावर जास्त असतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती तपासून १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कांस्यवाले रौप्यवाल्यांपेक्षा जास्त खूश दिसले. रौप्यवाला हुकलेल्या सुवर्णाकडे बघतो, कांस्यवाला 'पदक तर मिळालं' म्हणतो.

नजर कुठे ठेवायची, हे मात्र रौप्यवाल्यालाही ठरवता येतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेला २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं. हा एक हिशेब. दुसरा असा: १९९८ ते २०१८ या सगळ्या राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. ती रांग या बीडच्या पोराने मोडली आणि ८ मिनिटं ११.२० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रमही केला. दोन्ही हिशेब खरे आहेत. वहीत दुसरा लिहायचा, सरावाच्या पानावर पहिला.

घरात किंवा मैदानावर 'आभारी आहे' म्हणायला संकोच वाटतो. मग?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तो रास्त आहे. मराठी घरात आईला 'थँक्यू' म्हटलं तर ती आधी ताप बघेल. आपल्याकडे जवळच्या माणसाचे आभार मानणं म्हणजे त्याला परकं करणं. म्हणून शब्दांचा हट्ट नको. उपकार कृतीने फेडायचे, ही आपली रीत आहे.

याचं कुस्तीतलं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असावं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवलं. तिथवर जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून ते पैसे फेडले. भाषण नाही, मानपत्र नाही, गहाण सुटलं.

तुमच्या-आमच्यासाठी याची छोटी रूपं पुष्कळ आहेत. खेळ संपल्यावर नेट गुंडाळायला थांबणं. शटलचा नवा डबा न सांगता आणणं. नवख्याला आठवड्यातून एक गेम देणं, मग तो कितीही रटाळ होवो. मैदान राखणाऱ्याला त्याच्या नावाने हाक मारणं. नाव माहीत नसेल, तर या आठवड्याचं काम तेच.

शब्दच वापरायचे असतील तर उपकार नेमका सांगा. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोप घेताना सचिन तेंडुलकर नावांची यादी हातात घेऊनच उभा होता. आचरेकर सरांबद्दल बोलताना त्याने 'महान गुरू' वगैरे न म्हणता, सर स्कूटरवरून मुंबईभर एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला न्यायचे, ते सांगितलं. 'काका, तुम्ही होता म्हणून झालं' यापेक्षा 'काका, त्या दिवशी तुम्ही पाणी घेऊन थांबलात म्हणून मी शेवटची फेरी पुरी केली' हे म्हणायला सोपंही जातं आणि पोचतंही.

मुलांकडून हे कसं करून घ्यावं?

करून घेऊ नये. वही तर मुळीच लादू नका, तो आणखी एक गृहपाठ होतो. मैदानावरून परत येताना एकच प्रश्न विचारा: 'आज कोणी कोणाला मदत केली?' 'जिंकलास का?' आणि 'किती रन केल्या?' हे प्रश्न तेवढे मागे ठेवा. आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना कृतज्ञतेवरच्या बोलण्यापेक्षा कृती लवकर कळते. बॅट पुसून जागेवर ठेवणं आणि सामना संपल्यावर पंचांशी हात मिळवणं, एवढी शिकवण त्या वयाला भरपूर.

दोन आठवड्यांत कंटाळा आला. काय चुकतंय?

बहुधा तीनपैकी एक. व्यायाम पहिल्याच आठवड्यात फार वाढवला, त्यामुळे अंग ठणकतंय आणि मन चिडलंय: मेहनत एक तृतीयांश कमी करा. किंवा वही रात्री लिहिताय. किंवा तेच ते लिहिताय, आणि तसं असेल तर आठवडाभर फक्त ऐकू आलेल्या गोष्टी लिहा. हलगीचा ठेका, शटल तारांच्या मधोमध लागल्याचा आवाज, कबड्डीच्या चढाईतला दम. पुढच्या आठवड्यात फक्त माणसं.

दुखापत झाली. आता मैदानच बंद, मग वही कशी चालू ठेवायची?

आधी दुखापतीचं बघा. टोचणारी कळ, सूज, लंगडणं यांपैकी काही असेल तर खेळ थांबवायचा. 'शरीराने इतकं दिलंय, थोडं सोसू' ही कृतज्ञता नाही, दोन आठवड्यांचं दुखणं सहा महिन्यांचं करण्याची युक्ती आहे. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घेरी आली तर लगेच १०८ ला फोन.

नंतरच्या काळात मैदानावर जाणं सोडू नका. गुणफलक लिहा, शिट्टी सांभाळा. वहीत त्या दिवशी जमलेली हालचाल लिहा: गुडघा आज नव्वद अंशांत वाकला, जिना कठडा न धरता उतरलो. धीर हवा असेल तर मुरलीकांत पेटकरांचा इतिहास वाचा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा सैनिक मुळात मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, म्हणून पोहण्याकडे वळले आणि १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकले.

संघात अन्याय होतोय, तरी 'आहे त्यात समाधान माना' असंच हे सांगतं ना?

नाही. मुलींना मैदान फक्त दुपारच्या उन्हात मिळत असेल, प्रशिक्षक अंगावर हात टाकत असेल, निवडीत वशिला चालत असेल, तर वही बाजूला ठेवून लेखी तक्रार करायची. ज्याने संधी दिली त्याचं सगळं खपवून घ्यायचं, असा दबाव खेळात फार असतो आणि 'कृतज्ञ राहा' हे वाक्य त्यासाठी सर्रास वापरलं जातं. उपकार केलेला माणूसही चूक करतो. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या पानांवर राहू शकतात.

मन फारच खचलेलं असेल तर?

दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, कामातला रस परत येत नसेल तर हा खेळ-वहीचा प्रश्न उरत नाही, डॉक्टर गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. अशा काळात वही उलटू शकते: 'एवढं सगळं असून मला बरं का वाटत नाही' ही टोचणी वाढते. तेव्हा लिहू नका. कोणाच्या तरी सोबतीने दहा मिनिटं चाला, तेवढं पुरे.

वही भरली की तिचं काय करायचं?

एकदा सलग वाचा आणि त्यात आलेल्या माणसांची नावं शेवटच्या पानावर उतरवून काढा. ज्यांचं नाव तीनदा किंवा जास्त आलंय, त्यांच्याकडे एकेक करून जाऊन या. जाताना वही नेऊ नका, तारीख आणि प्रसंग तेवढा लक्षात ठेवा. नवी वही घ्याल तेव्हा पेनही नवं घ्या, जुन्यातली शाई बहुधा पावसाळ्यात पिशवीतच सांडलेली असते.